मनाचा हिशेब आणि मनाची समजूत

'हिशेब' हा आपला रोजच्या वापरातला शब्द मूळ अरबी आहे. त्याच धातूपासून 'मुहासबा' हा सूफींचा शब्द आला. मुहासबा म्हणजे स्वतःच्या मनाकडून हिशेब घेणे. नवव्या शतकात बगदादमध्ये राहिलेले हारिस याच सवयीमुळे 'अल-मुहासिबी' म्हणून ओळखले गेले. इमाम गझालींनी (१०५८–११११) व्यापारी जसा भागीदाराकडून हिशेब घेतो तसा रोज नफ्सकडून घ्यावा, असे सांगितले.

आपल्या मुलखात मनाशी असा संवाद समर्थ रामदासांनी केला. सज्जनगड, चाफळ, शिराळा, बहे ही सातारा-सांगलीतली गावे त्यांच्या आठवणी जपून आहेत. त्यांचे 'मनाचे श्लोक' २०५ आहेत. त्यांत ते मनाला दटावतात, पण हाक मारतात ती 'सज्जन' म्हणून. अठराव्या शतकात दूर तमिळ मुलखातल्या शाह तुराब चिश्ती या सूफी कवीने याच धर्तीवर दखनी भाषेत 'मन समझावन' लिहिले. मनाला समजवायचे असते, हे त्या नावातच आले.

आता मानसशास्त्रज्ञ हेच मोजू पाहतात. क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये २६ विधानांची प्रश्नावली तयार केली. प्रत्येक विधानाला १ ते ५ गुण. स्वतःशी कठोर असल्याची विधाने उलटी मोजून सगळ्याचा एक आकडा काढतात. २००४ मध्ये पॉल गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी २२ विधानांची वेगळी प्रश्नावली दिली. तिच्यात 'मी कमी पडतो' ही भावना आणि स्वतःचा द्वेष या दोन गोष्टी वेगळ्या मोजल्या जातात. स्वतःला धीर देणे हा तिसरा भाग.

आपल्यासाठी हा फरक महत्त्वाचा आहे. कराडचा किंवा मिरजेचा एखादा विद्यार्थी रोज रात्री आपल्या चुका आठवत असेल, तर एकाच आकड्यात तो स्वतःशी निर्दय ठरू शकतो. पण चूक कबूल करून तौबा करणारा आणि 'मी माफीच्या लायकीचाच नाही' म्हणणारा, हे दोघे सारखे नाहीत. दुसऱ्याची निराशा ही परहेजगारी नव्हे. अल्लाहच्या रहमतीपासून निराश होऊ नका, असे कुरआन सांगते. अशा माणसाला आणखी उपदेश करण्याऐवजी डॉक्टरांकडे न्यावे.

म्हणून प्रश्नावली जरूर भरून घ्यावी, पण आकडा पाहून थांबू नये. चुकांचा हिशेब झाल्यावर तू स्वतःशी काय बोलतोस, हे त्या मुलाला समोर बसवून विचारावे.