मंदमुक्त जैवविघटनशील पीडकनाशके

पिकावरील औषध जमिनीत थोडेथोडे सुटावे म्हणून ते सूक्ष्मजीवांना कुजवता येणाऱ्या बहुवारिकात, म्हणजे लांब साखळीच्या रेणूंच्या पदार्थात, कोंडून केलेली मिश्रणे. सायबीरियातील क्रास्नोयार्स्क येथे गव्हावर झालेले प्रयोग विशेष लक्षणीय असून, त्यांत जीवाणू आपल्या पेशीत अन्नसाठा म्हणून साठवतात ते पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेट भूर्जाच्या लाकडी भुशात मिसळून त्यात मूळकूज घडवणाऱ्या फ्युजेरियम बुरशीसाठी टेब्युकोनाझोल, तर तणांसाठी मेट्रिब्युझिन भरले गेले. पेरणीबरोबर जमिनीत घातलेल्या अशा गोळ्यांचे मातीतील सूक्ष्मजीव हळूहळू विघटन करतात व औषध मुळांपाशी मोकळे होते. फवाऱ्याप्रमाणे ते वाऱ्याने उडून जात नाही. मात्र विघटनाचा वेग मातीची ओल व तापमान यांवर अवलंबून असल्याने तो पूर्णपणे शेतकऱ्याच्या हाती राहत नाही. बहुवारिक महागही पडते. भुसा मिसळण्यामागे खर्चाचाच विचार मुख्य आहे.