लेंडी कुणाची? नॉरफोकची आणि आपली

मंडळी, दिवाळी झाली की आपल्या रस्त्यांवर मेंढरं दिसायला लागतात. घोड्यावर बिऱ्हाड, त्यावर एखादं पोर, मागं कुत्री आणि रस्ताभर लोकर. फटफटीवाले हॉर्न वाजवून कावतात. परवा टपरीवर एकजण म्हणाला, "ह्यांना शिवारात शिरूच देऊ नका." शेजारचा बागायतदार म्हणाला, "माझ्या रानात तीन रात्री बसू द्या, मग काय ते हाकला." सगळे हसले. मला मात्र इंग्लंडची एक जुनी गोष्ट आठवली.

इंग्लंडच्या पूर्वेला नॉरफोक नावाचा परगणा आहे. जमीन रेताड, खताशिवाय पीक उभं राहत नाही. त्यामुळं रात्री शेतात मेंढ्या कोंडून त्यांची लेंडी आणि मूत जमिनीत मुरवायची रीत तिथं मध्ययुगापासून होती. पण मेंढ्या कुठं बसवायच्या हे शेतकऱ्याच्या हातात नव्हतं. कुळाची मेंढरं रात्री जमीनदाराच्या रानात बसवायची, असा जमीनदाराचा हक्क होता. मेंढरू कुळाचं, चारा गावाचा, खत मालकाचं! पुढं पुढं जमीनदारांनी स्वतःचेच मोठे कळप केले आणि ते कुळांच्या रानात, गावच्या गायरानात सोडले.

१५४९ च्या जुलैमध्ये लोकांचा बांध फुटला. विंडहॅम गावात जमावानं कुंपणं पाडायला सुरुवात केली. रॉबर्ट केट हा तिथला खातापिता जमीनवाला. जमाव त्याच्या कुंपणावर चालून आला, तर गडी त्यांनाच सामील झाला आणि पुढारी बनला. नॉर्विच शहराबाहेर हजारो लोकांनी तळ ठोकला. त्यांनी राजाकडं पाठवलेल्या २९ मागण्यांमध्ये जमीनदारांनी गायरानात जनावरं चारू नयेत, बड्या लोकांनी घरच्या गरजेपुरतीच मेंढरं पाळावीत, अशा मागण्या होत्या. बंड चिरडलं गेलं. डिसेंबरात केटला नॉर्विचच्या किल्ल्यावर फाशी दिलं.

आता आपल्याकडं बघा. माण, खटाव, फलटण भागातले धनगर बांधव पावसाळा संपला की चाऱ्यासाठी बाहेर पडतात. कुणी घाट उतरून कोकणात जातं. भात कापलेल्या रानात वाघर लावून रात्री मेंढ्या बसवतात, कळपात चार शेळ्याही असतात. सकाळी कळप पुढं जातो, शेतकरी कुळव मारून लेंडी मातीआड करतो. आणि ह्याबद्दल शेतकरी मेंढपाळाला धान्य देतो, नाहीतर रोख पैसे. म्हणजे तिकडं लेंडी मालक हक्कानं घ्यायचा, इकडं तिचा भाव ठरतो. भूमिहीन, फिरता माणूस बांधावर उभा राहून जमीनवाल्याशी घासाघीस करतो, ही साधी गोष्ट नाही.

खत म्हणून तिची किंमतही तशीच आहे. शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का, तर शेळ्या-मेंढ्यांच्या खतात तीन टक्क्यांच्या आसपास. शिवाय रानातच बसवल्या की मूतही वाया जात नाही. गोठा झाडून आणलेल्या खतात ते निम्मंशिम्मं आधीच गेलेलं असतं.

इंग्लंडमध्ये ही रीत मागं का पडली? १८४२ मध्ये जॉन लॉज नावाच्या जमीनदारानं सुपर फॉस्फेटचं पेटंट घेतलं. पुढच्याच वर्षी त्यानं रोथॅमस्टेडला गव्हाचा प्रयोग सुरू केला. पेरूहून पक्ष्यांच्या विष्ठेचं खत जहाजांनी यायला लागलं. रोज जाळ्या हलवणारा मेंढका महाग वाटू लागला. गंमत म्हणजे तो गव्हाचा प्रयोग आजही चालू आहे, आणि ज्या तुकड्याला दरवर्षी शेणखत मिळतं तिथल्या मातीत सेंद्रिय अंश बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त आहे.

१८८९ मध्ये सरकारनं डॉ. व्होलकर नावाचा इंग्रज रसायनतज्ज्ञ हिंदुस्थानात पाठवला. इथल्या रयतेला शेती शिकवायला निघालेल्या ह्या माणसानं १८९३ च्या अहवालात कबूल केलं, की इथला चांगला शेतकरी इंग्लंडच्या सरासरी शेतकऱ्याच्या तोडीचा आहे, काही बाबतीत सरसच. अडचण कुठली, तर जळण नसल्यानं शेण चुलीत जातं.

लेंडी चुलीत जात नाही, पण ती आणणारा माणूस आज अडतोय. गायरानावर बांधकामं झाली, बारमाही उसामुळं रानं मोकळी राहत नाहीत, घाटात गाड्या अंगावर येतात. युरियाच्या गोणीमागं सरकार अनुदान देतं. तीच जमीन पोसणाऱ्या मेंढपाळाच्या वाटेला मात्र साधा पाणवठा राखलेला नसतो. नॉरफोकमध्ये गायरान गेलं तेव्हा लोक रस्त्यावर आले. आपल्याकडं ते गुपचूप चाललंय.

तुमच्या गावात मेंढ्या बसवायचा यंदाचा दर काय? आणि पूर्वीची मेंढरांची वाट अजून शिल्लक आहे का? कमेंटमध्ये नक्की लिहा. पुढच्या ग्रामसभेत हा विषय कुणीतरी काढायला हवा.