बुद्ध्यांक : मदतीसाठी निघालेली चाचणी शिक्का कशी झाली?

पोस्ट थोडी लांब आहे. पण यंदा एफवायला मानसशास्त्र घेतलेल्या मुलांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी जरूर वाचावी.

मी हा विषय पहिल्या वर्षाला शिकवते. बुद्धिमापनाचा धडा आला की मुलं सूत्र पाठ करतात : मानसिक वय भागिले शारीरिक वय, गुणिले १००. मार्क मिळतात, धडा संपतो. त्या सूत्रामागचा इतिहास मात्र परीक्षेत कुणी विचारत नाही.

गोष्ट सुरू होते पॅरिसमध्ये. १८८२ पासून फ्रान्समध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं. सगळ्या थरांतली मुलं शाळेत आली आणि काही मागे पडू लागली. अशा मुलांचं काय करायचं, यासाठी सरकारने १९०४ मध्ये एक आयोग नेमला. त्यात आल्फ्रेड बिने होते. नुसतं शिक्षकाच्या मतावरून एखाद्या मुलाला मंद ठरवू नये, म्हणून १९०५ मध्ये त्यांनी आणि थिओडोर सिमॉन यांनी ३० प्रश्नांची चाचणी तयार केली. ऐकलेले आकडे परत म्हणणं, दोन वजनांतलं जड कुठलं ते ओळखणं, चित्रातल्या वस्तूंची नावं सांगणं, असे साधे प्रश्न. हेतू एकच : कुणाला जादा मदत हवी ते शोधायचं.

बुद्धी जन्मतःच ठरलेली असते आणि वाढत नाही, हे बिनेंना अजिबात मान्य नव्हतं. लक्ष, स्मरण, विचार हे सरावाने सुधारतात असं ते म्हणत, आणि त्यासाठी त्यांनी वर्गात घेण्याचे व्यायामही सुचवले. १९११ मध्ये ते वारले. आपण पाठ करतो ते सूत्र त्यांचं नाहीच. भागाकाराची कल्पना जर्मनीच्या विल्यम स्टर्नची, १९१२ ची. त्याला १०० ने गुणून आकडा लोकप्रिय केला तो अमेरिकेच्या लुइस टर्मनने, १९१६ मध्ये.

अमेरिकेत गेल्यावर चाचणीचा हेतूच उलटा झाला. हेन्री गोडार्ड यांनी ती भाषांतरित केली, पण बुद्धी आनुवंशिक आणि अढळ असते हा स्वतःचा समज तिला जोडून. 'मोरॉन' हा शब्द त्यांनीच घडवला. पहिल्या महायुद्धात सुमारे साडेसतरा लाख सैनिकांची बुद्धी मोजली गेली. प्रश्न काय, तर अमुक खेळाडू कशासाठी प्रसिद्ध आहे, अमुक माल कसला असतो! नुकत्याच बोटीतून उतरलेल्या इटालियन शेतकऱ्याच्या पोराला हे कुठून येणार? पण त्या आकड्यांवरून कार्ल ब्रिगम यांनी १९२३ मध्ये अख्ख्या वंशांना कमी बुद्धीचं ठरवलं. १९३० मध्ये त्यांनी स्वतःच ते निष्कर्ष मागे घेतले. तोवर १९२४ चा स्थलांतरविरोधी कायदा होऊन गेला होता.

सगळ्यात जास्त किंमत मोजली ती कॅरी बकसारख्यांनी. व्हर्जिनियातली ही गरीब मुलगी बलात्कारातून गरोदर राहिली आणि तिची रवानगी 'मंदबुद्धीं'च्या संस्थेत झाली. चाचणीत मानसिक वय ९ निघालं. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी तिची सक्तीची नसबंदी वैध ठरवली. तिची मुलगीसुद्धा मंद आहे, हाही दाव्याचा आधार होता. हीच मुलगी पुढे शाळेत हुशार मुलांच्या यादीत आली, आणि आठ वर्षांची असताना आजाराने गेली.

ही चाचणी आपल्याकडेही आली. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली. त्यांचं इंग्रजी पुस्तक १९४० मध्ये ऑक्सफर्डने छापलं. बौद्धिक अक्षमतेचं प्रमाणपत्र काढायला गेलेल्या अनेक पालकांच्या कानावर 'बिने-कामत' हे नाव पडलं असेल. परदेशातले प्रश्न आपल्या पोरांना जसेच्या तसे विचारून चालणार नाहीत, ही त्यामागची समज मला फार मोलाची वाटते.

म्हणून चाचणीच फेकून द्या, असं मी म्हणणार नाही. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाला आज दहावीच्या पेपरात जादा वेळ मिळतो, आणि त्यासाठीच्या तपासणीत बुद्धिमापनही असतं. बिनेंना हवा होता तो हाच उपयोग. पण तोच आकडा पाहून शाळा दाखला हातात ठेवते, नातेवाईक 'ढ' म्हणतात, तेव्हा आपण बिनेंच्या नव्हे, गोडार्डच्या रांगेत उभे असतो.

तेव्हा मुलांनो, सूत्र पाठ कराच, मार्क सोडू नका. पण उद्या समुपदेशक झालात, शिक्षक झालात, आणि कुणाचा आकडा तुमच्या हातात आला, तर आधी एवढंच विचारा : याने या मुलाला काय मिळणार आहे?