सात डब्यांचा थाट

लांब पल्ल्याच्या गाडीचे वैभव लघुरूपात न्याहाळावयाचे, तर भाऊसाहेब जोशी यांनी १९९८ साली कोथरुडात उभारलेल्या लघुरेल्वे संग्रहालयाकडेच वळावे लागते. अशा वैभवशाली गाड्यांपैकी मिलान-रोम मार्गावरची ‘सेत्तेबेल्लो’, जिचा चालक छतावरील कोठडीत बसे आणि अग्रभागीचा काचेचा दिवाणखाना उतारूंस मोकळा राही, ती सात डब्यांची होती. आणि १ जून १९३० रोजी निघालेल्या दख्खनच्या राणीचे दोन्ही संचही सातच डब्यांचे, एक रुपेरी व किरमिजी, दुसरा निळा व सोनेरी, ज्यांचे सांगाडे विलायतेतून आले आणि कोठे माटुंग्याच्या कारखान्यात चढले.

तथापि प्रतिकृतीचा खरा कस रुळांवर लागतो. १:८७ प्रमाणाचा बाजारी रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचा, म्हणजे युरोपच्या १४३५ मिलिमीटर मार्गास अचूक. त्यावर सेत्तेबेल्लो तंतोतंत बसते. आमचा मार्ग १६७६ मिलिमीटरांचा असल्याने राणीस १९ मिलिमीटरांहून अधिक रुंदी हवी, आणि प्रामाणिक छांदिष्टास, माझ्या मते, आस व रूळ स्वहस्तेच घडवावे लागतात.