मामांची ऑक्टेव्हिया आणि साहेबाचे विनोद

मंडळी, हा विकांत गाड्यांचा. मला गाड्यांमधलं फारसं कळत नाही हे आधीच कबूल करतो, त्यामुळे टॉर्क-बिर्क शोधायला आला असाल तर निराशा होईल. पण एकच वस्तू हद्द ओलांडली की तिचा मान कसा बदलतो, याचं कोडं मला वीसेक वर्षं पडलेलं आहे. त्याचं कारण माझे मामा.

गोष्ट २००३ सालची. मी इंग्लंडमध्ये ऑनसाईट होतो. मामा तेव्हाच्या औरंगाबादमध्ये (आताचं छत्रपती संभाजीनगर) हाडांचे डॉक्टर. तीस वर्षं स्कूटर, मग मारुती, मग एस्टीम असं करत करत त्यांनी स्कोडा ऑक्टेव्हिया घेतली. आईचा फोन आला तो गाडीपेक्षा पेढ्यांबद्दलच जास्त होता. अख्ख्या गल्लीला पेढे! दुसऱ्या दिवशी ऑफिसात चहाच्या वेळी मी छाती फुगवून सांगितलं, "माझ्या मामांनी स्कोडा घेतली."

दोन सेकंद शांतता. मग टीममधला एक पन्नाशीचा गोरा बाबा गंभीर चेहरा करून म्हणाला, "अरेरे. काही वाईट झालंय का घरी?" आणि सगळे फिस्सकन हसले.

पुढची दहा मिनिटं विनोदांचा पाऊस. स्कोडाच्या मागच्या काचेला हीटर का असतो? गाडी ढकलताना हात गारठू नयेत म्हणून. स्कोडाची किंमत दुप्पट कशी करायची? टाकी फुल करून. मॅन्युअलच्या शेवटच्या पानांवर काय छापलेलं असतं? बसचं वेळापत्रक. मी हसलो, पण आतून जाम खट्टू झालो. मामांनी आयुष्यात हौसेने केलेली ती पहिली मोठी खरेदी होती हो!

मग त्या शनिवारी जालावर शोधाशोध सुरू केली. ती अजून थांबलेली नाही.

तर सुरुवात होते एका पत्रापासून. १८९०च्या दशकात बोहेमियातल्या म्लादा बोलेस्लाव गावात वाक्लाव क्लेमेंट नावाचा एक पुस्तकविक्रेता होता. त्याची सायकल बिघडली. जर्मन कंपनीच्या बोहेमियातल्या शाखेला त्याने तक्रारीचं पत्र पाठवलं, ते आपल्या चेक भाषेत. उत्तर आलं ते असं की आमच्याकडून उत्तर हवं असेल तर आम्हाला समजेल अशा भाषेत लिहा. म्हणजे जर्मनमध्ये! तेव्हा तिथे ऑस्ट्रियन साम्राज्य होतं आणि जर्मन ही साहेबाची भाषा. कंपनीच्या इतिहासात ही गोष्ट अशीच सांगितली जाते. (बँकेच्या हेल्पलाईनवर मराठीसाठी कुठलंच बटण सापडलं नाही की जो संताप येतो, तो आठवा.) आपण फोन आपटतो. क्लेमेंटने वाक्लाव लॉरिन नावाच्या मेकॅनिकला गाठलं आणि १८९५ मध्ये दोघांनी स्वतःच्या सायकली काढल्या. नाव ठेवलं 'स्लाविया'. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सायकलीवरून मोटरसायकल, आणि १९०५ मध्ये पहिली मोटार. १९२५ मध्ये ही लॉरिन अँड क्लेमेंट कंपनी पिल्झेनच्या स्कोडा कारखान्यात विलीन झाली. तो कारखाना तोफा आणि अवजड यंत्रांसाठी नावाजलेला, एमिल स्कोडा या इंजिनिअरने वाढवलेला. गंमत म्हणजे चेक भाषेत 'श्कोडा' या शब्दाचा अर्थ नुकसान, किंवा 'अरेरे, वाईट झालं'. म्हणजे आमच्या ऑफिसातल्या त्या बाबाला अरेरे म्हणताना कल्पनाही नसेल, पण त्याने गाडीचं नावच भाषांतर करून सांगितलं होतं! :)

एक मात्र पक्कं: दुसऱ्या महायुद्धाआधी स्कोडा ही कुणी हसावं अशी गाडी नव्हती. १९३४ मध्ये त्यांची सुपर्ब आली, ती चांगली ऐसपैस, श्रीमंतांची गाडी होती. मग युद्ध, मग राष्ट्रीयीकरण, मग १९४८ पासून कम्युनिस्ट राजवट. देशातल्या जनतेला चार चाकं पुरवणं हे काम झालं. १९६४ ला मागे इंजिन असलेली १००० एमबी आली, १९७६ ला तिच्याच वंशातल्या १०५ आणि १२०. पश्चिमेकडे फियाट, फोक्सवॅगन, रेनॉ इंजिन पुढे आणून पुढची चाकं फिरवत होते, तेव्हा स्कोडाचं इंजिन डिकीच्या जागीच बसलेलं. इंजिनिअरांना येत नव्हतं अशातला भाग नाही. नव्या गाडीला पैसे द्यायचे की नाही, हे कारखान्यात ठरत नव्हतं, पार्टीच्या कचेरीत ठरत होतं. ज्याने कधी वीस वर्षं जुन्या कोडवर 'आता बजेट नाही' ऐकत काम केलंय त्याला हे दुःख वेगळं सांगायला नको.

१२० हीच गाडी इंग्लंडमध्ये एस्टेल या नावाने विकली गेली. स्वस्तात स्वस्त. पेन्शनर, पहिल्यांदा नवी गाडी घेणारे, हिशेबी लोक ती घ्यायचे आणि बरेचसे खूषही असायचे. पण विनोदाला गिऱ्हाईक लागतं. शीतयुद्ध चालू, गाडी पडद्यापलीकडची, इंजिन भलत्या जागी. इंग्रजांना आयतंच सापडलं. गंमत अशी की त्याच काळात स्कोडाच्या गाड्या रॅलीत दणक्यात धावत होत्या. १९७७ च्या मोंटे कार्लो रॅलीत १३० आरएस आपल्या गटात पहिली आली. पण त्याने विनोद थांबले नाहीत.

आता तीच गाडी घेऊन भिंतीच्या पलीकडे चला. पूर्व जर्मनीत सर्वसामान्य माणसाच्या नशिबी ट्रॅबंट: दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, धूर सोडणारी, रेझिनच्या पत्र्याची. तिथे कुणाच्या दारात चार सिलिंडरची स्कोडा उभी राहिली तर ती बढती होती. खुद्द चेकोस्लोव्हाकियात तर स्कोडा म्हणजे घरचं माणूस. शिव्या द्यायच्या त्या घरच्यांनी. पुढे एका प्रोजेक्टवर एक चेक सहकारी भेटला, त्याला मी ते इंग्रजी विनोद ऐकवले. तो हसलाच नाही. म्हणाला, "माझ्या बाबांची १२० होती. आम्ही तिच्यातून बल्गेरियाला समुद्र बघायला गेलो होतो. पाच जण." विषय संपला. आपण एसटीला लाल डबा म्हणतो, पण मुंबईच्या एखाद्या शहाण्याने लाल डब्याची टिंगल केली की गावाकडचा माणूस कसा चमकून बघतो, तसं त्याचं झालं.

न्यूझीलंडमध्ये तर आणखीच वेगळं. १९६६ ते १९७३ या काळात तिथे जुन्या ऑक्टेव्हियाच्या सांगाड्यावर ट्रेक्का नावाची शेतकऱ्यांची गाडी बनायची. आयातीवर कडक बंधनं होती, म्हणून हा उद्योग. म्हणजे एका बेटावर स्कोडाचा अर्थ होता स्वदेशी!

असो. १९८७ ला अखेर फेव्हरिट आली, इंजिन पुढे, डिझाईन इटलीच्या बेर्तोनेचं. १९८९ मध्ये राजवट कोसळली आणि सरकारने भागीदार शोधायला घेतला. शेवटी रेनॉ आणि फोक्सवॅगन यांच्यात चुरस होती. फोक्सवॅगन जिंकली, १९९१ मध्ये शिरली आणि २००० मध्ये पूर्ण मालक झाली. जर्मन कंपनीने चेक पत्र वाचायला नकार दिला म्हणून सुरू झालेला कारखाना जर्मनांनीच वाचवला. क्लेमेंटला हे पटलं असतं की नाही, देव जाणे.

(हरलेल्या रेनॉने १९९९ मध्ये रोमानियाची डाचिया घेतली. तिची स्वस्तातली लोगान २००७ मध्ये महिंद्र-रेनॉच्या नावाने आपल्या नाशिकला बनू लागली, पुढे व्हेरिटो झाली आणि टॅक्सीवाल्यांनी तिला जवळ केलं. तिकडे युरोपात डाचियाची सँडेरो २०२४ मध्ये सगळ्यात जास्त खपलेली गाडी ठरली. तो वेगळ्या विकांताचा विषय आहे.)

१९९६ मध्ये नवी ऑक्टेव्हिया आली, आतून बरीचशी फोक्सवॅगन गोल्फ. गाडी उत्तम, पण इंग्लंडमध्ये बिल्ला बघून लोक पळायचे. मग २००० मध्ये फॅबियासाठी त्यांनी जाहिरात केली ती मला फार आवडते. पार्किंगचा रखवालदार मालकाला ओशाळून सांगतो की साहेब, कुणीतरी टवाळ पोराने तुमच्या छान गाडीवर स्कोडाचा बिल्ला चिकटवलाय. कंपनीने स्वतःच स्वतःवरचा विनोद सांगितला. त्याला हिंमत लागते. पुढे तर ब्रिटिश पोलीससुद्धा ऑक्टेव्हियातून गुन्हेगारांच्या मागे पळू लागले.

आणि भारत? इथे स्कोडाचा कारखाना शेंद्र्याच्या एमआयडीसीत २००१ मध्ये सुरू झाला. सुटे भाग युरोपातून आणायचे, इथे जोडायचे, वर आयातकर. साहजिकच गाडी दहा लाखांच्या घरात गेली. रस्त्यावर तेव्हा मारुती ८००, सँट्रो आणि इंडिकाचं राज्य. जड दरवाजा, १.९ लीटरचं टर्बो डिझेल, काचेसकट वर उघडणारी डिकी. मामा ती डिकी येणाऱ्या-जाणाऱ्याला उघडून दाखवायचे. डॉक्टर, बिल्डर, कारखानदार, झालंच तर पुढारी असं गिऱ्हाईक. एस्टेल आपण कुणी पाहिलीच नव्हती. फोक्सवॅगनचा बिल्ला भारतात २००७ मध्ये आला, म्हणजे युरोपात जी धाकटी, स्वस्तातली बहीण, ती इथे सहा वर्षं आधी येऊन थोरली होऊन बसली. मला तर वाटतं, हा सगळा कोण आधी पोचलं याचा खेळ आहे. बाटा चेक आहे आणि जावा मोटरसायकलही मूळची चेक, हे तरी आपल्यापैकी किती जणांच्या लक्षात असतं?

पण आधी पोचल्याचं ओझंही असतं. २००८ मध्ये फॅबिया इथे आली. इंग्लंडमध्ये जिने इज्जत परत मिळवून दिली, तिच्याकडे बघून आमच्याकडे लोक म्हणाले, "एवढीशी स्कोडा?" शिवाय 'गाडी भारी, पण सांभाळायला खर्चिक' हा शिक्का बसला तो बसलाच. इंग्लंडमध्ये त्यांना वर चढायचं होतं, इथे खाली उतरायचं होतं. दुसरं जास्त अवघड असावं. २०२४ च्या शेवटी त्यांनी कायलॅक आठ लाखांच्या आत जाहीर केली, तेव्हा मामांचा फोन आला, "अरे, आता कुणीही घेईल की स्कोडा!" आवाजात आनंद नव्हता. :)

तिकडे जर्मनीत तिसरीच तऱ्हा. स्कोडा इतकी चांगली आणि तरी स्वस्त झाली की २०१७ मध्ये फोक्सवॅगनच्याच लोकांनी कुरकुर केल्याच्या बातम्या आल्या: आमचेच भाग वापरून ही आमचीच गिऱ्हाइकं पळवते.

२०२२ पासून चाकणच्या कारखान्यातून एक सेडान बाहेर पडू लागली. नाव स्लाविया. त्या सायकलीवरूनच ठेवलंय. चाकणच्या ट्रॅफिकमध्ये ती पुढे उभी असली की मला ते पत्र आठवतं, आणि ट्रॅफिक असं असतं की पत्राचा मसुदा करायलाही वेळ मिळतो.

मामांनी ऑक्टेव्हिया अजून विकलेली नाही. आणि तो इंग्लंडमधला बाबा २०१४ मध्ये रिटायर झाला. त्यानंतर एकदा त्याची मेल आली. दारात नवीकोरी ऑक्टेव्हिया इस्टेट, शेजारी तो स्वतः. खाली एकच ओळ: मागच्या काचेला हीटर आहे, पण अजून वापरावा लागलेला नाही.