आरमाराचा तनखा आणि सावकाराचे गलबत

तेरेखोल नदीच्या मुखाशी, केरीच्या किनाऱ्यासमोर, सावंतवाडीकर भोसल्यांचा किल्ला उभा आहे. पेडण्याचा वाचक तो नेहमी पाहतो. परंतु तो कोणासाठी पहारा देत होता, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी या समुद्रावर ‘कार्ताझ’ची पद्धत लादली. कार्ताझ म्हणजे सागरी परवाना. तो विकत घ्यावा, नेमलेल्या बंदरात जकात भरावी, तरच वाट मोकळी. एरवी गलबत मालासकट जप्त. त्यांचे आरमार व्यापारी तारवांचा काफिला करून त्यांस सोबत देई. कानडा प्रांताचा तांदूळ गोव्यास असाच येई. म्हणजे रक्षण होते, परंतु रक्षणकर्ता हाच जकातदारही होता.

शिवछत्रपतींनी १६६४ साली सिंधुदुर्गाचा पाया घातला आणि १६६८ साली डिचोली महालातील नार्वे येथे सप्तकोटीश्वराचे देवालय पुन्हा उभारविले. स्वराज्य मांडवीच्या काठापर्यंत आले होते. त्यांच्या आरमाराची नीती पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त ग्रथित झाली. पाच गुराबा व पंधरा गलबते यांचा एक सुभा करावा, असे तेथे सांगितले आहे. त्याहून महत्त्वाचे असे की, आरमाराचा तनखा मुलखाच्या वसुलातून द्यावा, बंदराच्या उत्पन्नावर नेमू नये. बंदरावर नेमल्यास सावकारास उपद्रव होऊन बंदरच मोडते, हे अमात्यांनी ओळखले होते. सैनिकाचे पोट व्यापाऱ्याच्या थैलीवर अवलंबले, की रक्षक व लुटारू यांतील अंतर फार उरत नाही.

मराठ्यांचे वर्तन सदैव निर्दोष होते, असे मात्र म्हणता येणार नाही. कान्होजी आंग्रे हेही दस्तक मागत. पोर्तुगीजांचा परवाना तो कायदा आणि आंग्र्यांचा तो चाचेगिरी, हा परकीयांचा न्याय तेवढा स्वीकारण्याचे कारण नाही.

पुढील कथा दुःखद आहे. १७४६ साली तेरेखोल पोर्तुगीजांच्या हाती गेला. १७५६ साली विजयदुर्गाच्या बंदरात तुळाजी आंग्र्यांचे आरमार इंग्रजांच्या तोफांनी जळाले, आणि त्या मोहिमेत पेशव्यांची फौज इंग्रजांच्या बाजूस होती. १७८१ साली डिचोली आणि १७८८ साली पेडणे पोर्तुगीज अमलाखाली आले.

आधी समुद्र गेला, मुलूख मागाहून गेला. तेरेखोलच्या बुरुजावर उभे राहिल्यास हा क्रम विसरता येत नाही.