पालीचा सरपंच आणि दिल्लीचा खासदार : शिक्षेची दोन मापे

१/८
बीड शहराजवळ, बिंदुसरा धरणाच्या परिसरात पाली हे गाव आहे. समजा, तेथील एखाद्यास एक वर्षाची कैद झाली. सुटकेनंतर पाच वर्षे त्याला ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. लोकसभेची मात्र, काही विशिष्ट गुन्हे वगळता, लढवता येते. असे का?

२/८
याचे मूळ ब्रिटिश राजवटीत आहे. १९३५ च्या भारत सरकार कायद्यानुसार दोन वर्षे किंवा अधिक कैद झालेली व्यक्ती सुटकेपासून पाच वर्षे प्रांतिक विधिमंडळासाठी अपात्र ठरे. ही मुदत कमी करण्याचा अधिकार गव्हर्नरकडे होता.

३/८
कागदावर हा नियम गुन्हेगारांसाठी होता. पण सविनय कायदेभंगात तेवढी शिक्षा भोगून १९३३ मध्ये सुटलेल्या सत्याग्रहीलाही १९३७ ची निवडणूक लढवण्यासाठी गव्हर्नरच्याच मर्जीवर अवलंबून राहावे लागे.

४/८
तेव्हा बीड निजामाच्या राज्यात होते. १९४८ मध्ये हैदराबाद भारतात आले आणि १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा येथेही लागू झाला. त्यात दोन व पाच वर्षांचे तेच माप कायम राहिले. सवलतीचा अधिकार तेवढा गव्हर्नरकडून निवडणूक आयोगाकडे गेला. पुढे पाचाची सहा वर्षे झाली.

५/८
१९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने गावासाठी कठोर माप लावले : सहा महिन्यांची कैदही अपात्रतेस पुरेशी. अस्पृश्यता पाळणे आणि दारूबंदी मोडणे या गुन्ह्यांत तर कैदेचा कालावधी पाहिलाच जात नसे.

६/८
याउलट विद्यमान आमदार-खासदारांना कवच होते. तीन महिन्यांत अपील केले की निकाल लागेपर्यंत पद शाबूत. १० जुलै २०१३ रोजी लिली थॉमस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद घटनाबाह्य ठरवली.

७/८
महाराष्ट्राने याचा परिणाम पाहिला. २२ डिसेंबर २०२३ रोजी नागपूर जिल्हा बँक घोटाळ्यात सावनेरचे आमदार सुनील केदार यांना पाच वर्षांची शिक्षा झाली आणि आमदारकी गेली. २०२४ मध्ये तेथून त्यांच्या पत्नी उभ्या राहिल्या. त्या पराभूत झाल्या.

८/८
माप फार कडक केले, तर सत्ताधारी विरोधकांना तुरुंगवाटे निवडणुकीबाहेर काढू शकतात; सैल ठेवले, तर गुन्हेगार कायदे करू लागतात. १९३७ चा सत्याग्रही पहिल्या धोक्याची साक्ष देतो, २०१३ चा निकाल दुसऱ्याची. परंतु गावाला सहा महिने आणि संसदेला दोन वर्षे, या भेदाचे समर्थन दोन्हींपैकी एकाही धोक्याने होत नाही.